फुलांचा हिशेब ठेवणारा हेन्री

मंडळी, बाहेर पानं गळायला लागलेली, फराळाच्या ऑर्डरी सुरू झालेल्या आणि हा गृहस्थ वसंतातल्या फुलांवर काय लिहीत बसलाय असं तुम्हाला वाटेल. पण दिवाळी अंक वर्षातून एकदाच निघतो, आणि ही गोष्ट बरेच दिवस मनात घोळते आहे. शिवाय ज्याच्याबद्दल लिहायचंय तो आपल्यापैकी बऱ्याच जणांचा शेजारी. बॉस्टनच्या पश्चिमेला रूट टू घेऊन निघालं की वॉल्डनचं तळं लागतं. उन्हाळ्यात आपण मुलांना तिथे पोहायला नेतो, सँडविचेस खातो आणि परत येतो. मीही सात वर्षं तेच केलं.

माझे बाबा साताऱ्याला असतात. निवृत्त शिक्षक. दर रविवारी सकाळी आमचा फोन होतो. तब्येत, नातीचा अभ्यास, बर्फ पडला का, अशी गाडी फिरत फिरत शेवटी एका ठरलेल्या स्टेशनावर येते: तिकडे सध्या काय फुललंय? बाबा स्वतः हा हिशेब ठेवतात. स्वयंपाकघरातल्या ‘कालनिर्णय’वर दूध आणि गॅस सिलिंडरच्या नोंदींच्या शेजारी पळस कधी पेटला, बहावा कधी लोंबायला लागला, पहिला वळीव कधी झाला हे त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. मी इथून काय सांगणार? काहीतरी पिवळं फुललंय, एवढंच. पुण्याला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं, डेटाबेसमध्ये करिअर झालं, पण घराच्या पायरीपाशी दर एप्रिलला उगवणाऱ्या फुलाचं नाव मला सांगता येत नव्हतं.

२०२३ च्या ३१ मार्चला माझा प्रोजेक्ट संपला आणि माझ्या कन्सल्टिंग कंपनीनं बेंचवर न ठेवता सरळ मोकळं केलं. एच-वनवाल्यांना पुढचं सांगायला नको. साठ दिवस. त्यात नवी नोकरी, नाहीतर बॅगा भरा. सकाळी अर्ज करायचे, दुपारी फोनवर मुलाखती द्यायच्या, आणि मग घरात बसवेना म्हणून मी वॉल्डनला चालायला जायला लागलो. बाबांनी येताना बॅगेत कोंबलेलं दुर्गाबाई भागवतांचं ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ तेव्हा कपाटातून काढलं. मूळ इंग्रजी पुस्तक इथे कुठल्याही दुकानात मिळतं, पण मला हेन्री डेव्हिड थोरो प्रथम भेटला तो दुर्गाबाईंच्या मराठीतून, असा हा उलटा प्रवास.

थोरो म्हटलं की तळ्याकाठची झोपडी आणि तुरुंगातली एक रात्र एवढंच लोकांना माहीत असतं. गांधीजींमुळे आपल्याला ती रात्र जास्त माहीत. पण त्या साठ दिवसांत मला सापडला तो तिसराच थोरो, फुलं कधी उमलली याच्या तारखा लिहिणारा. आणि तोही माझ्याच वयाचा. मी तेव्हा छत्तीस वर्षांचा होतो. त्यानं हे काम मनावर घेतलं तेव्हा तो चौतीसचा होता, आणि गावाच्या हिशेबानं तोवर आयुष्यात काहीही न जमलेला.

हेन्रीचा जन्म १२ जुलै १८१७ चा, काँकर्डचाच. वडील जॉन थोरो पेन्सिली बनवत. धंदा बेताचा. मोठी बहीण हेलन, मोठा भाऊ जॉन, मग हेन्री आणि धाकटी सोफिया. घरच्यांनी पैसे जमवून त्याला हार्वर्डला पाठवलं. १८३७ साली पदवी घेऊन परत आला आणि गावच्या शाळेत मास्तर झाला. ही नोकरी जेमतेम दोन आठवडे टिकली. मुलांना छडी मारत नाही म्हणून वरिष्ठांनी बोल लावले, तेव्हा यानं त्या दिवशी काही मुलांना उगाच छडी मारली आणि राजीनामा दिला. हा स्वभाव शेवटपर्यंत राहिला. समोरच्याचा नियम किती वेडगळ आहे हे दाखवायला तो आधी अक्षरशः पाळायचा आणि मग निघून जायचा.

मग दोघा भावांनी स्वतःची शाळा काढली. जॉन हसरा, सगळ्यांचा लाडका. हेन्री थोडा काटेरी. शाळेत मारणं नव्हतं आणि मुलांना रानात फिरवणं होतं. १८३९ च्या उन्हाळ्यात दोघांनी स्वतः बांधलेल्या होडीतून काँकर्ड आणि मेरिमॅक नद्यांचा प्रवास केला. पुढे जॉनची तब्येत बिघडली, १८४१ मध्ये शाळा बंद झाली. १८४२ च्या जानेवारीत वस्तऱ्याला धार लावताना जॉनचं बोट कापलं. क्षुल्लक जखम. पण धनुर्वात झाला आणि दहा-बारा दिवसांत तो गेला, हेन्रीच्या मिठीत. त्यानंतर काही दिवसांनी हेन्रीचाही जबडा तसाच आखडला. जखम कुठेच नव्हती, तरी सगळी लक्षणं धनुर्वाताची. घरच्यांना वाटलं, हाही जातो. तो वाचला, पण कित्येक आठवडे त्यानं डायरीत काही लिहिलं नाही.

दुःखातून जरा सावरतोय तोवर दुसरं लचांड. १८४४ च्या एप्रिलअखेर नदीकाठी मासे शिजवायला यानं आणि एका मित्रानं चूल पेटवली. हवा कोरडी, गवत वाळलेलं. आग सुटली आणि सुमारे तीनशे एकर रान जळालं. गावातले लोक पुढे कित्येक वर्षं त्याच्या पाठीमागे रान जाळणारा म्हणून कुजबुजत. ज्या माणसाला आपण आज निसर्गाचा संत वगैरे म्हणतो, त्याच्या नावावर गावात पहिली मोठी नोंद ही होती. पुढे त्यानं त्याच रानातल्या एकेका फुलाची तारीख टिपली, तेव्हा ही आग त्याच्या मनात होती का, देव जाणे. मला वाटतं, असणार.

झोपडीचा भाग तुम्हाला माहीत आहे, म्हणून पटकन सांगतो. ४ जुलै १८४५ ला तो इमर्सनच्या जमिनीवर, तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या दहा बाय पंधरा फुटांच्या खोलीत राहायला गेला. खर्च अठ्ठावीस डॉलर आणि साडेबारा सेंट. खिळ्यांपासून सगळा हिशेब त्यानं पुस्तकात छापलाय. दोन वर्षं, दोन महिने आणि दोन दिवस राहिला. आई-वडिलांचं घर दीड मैलावर होतं आणि तो तिकडे जेवायला जायचा, हे त्याचे टीकाकार अजून चवीनं सांगतात. १८४६ च्या जुलैत गुलामगिरी पोसणाऱ्या आणि मेक्सिकोशी युद्ध करणाऱ्या सरकारला कर देणार नाही म्हणून एक रात्र कोठडीत काढली. त्याच हिवाळ्यात तळ्याचा बर्फ कापायला मजूर आले. बॉस्टनचा बर्फ तेव्हा जहाजातून मुंबई-कलकत्त्यापर्यंत जात असे. सकाळी गीता वाचणाऱ्या हेन्रीला आपल्या तळ्याचं पाणी गंगेला मिळणार याची मोठी गंमत वाटली होती.

इंजिनिअर म्हणून मला त्याच्या दुसऱ्या दोन उद्योगांचं जास्त कौतुक. पेन्सिलीच्या धंद्यात त्यानं डोकं घातलं. अमेरिकन पेन्सिली तेव्हा तेलकट आणि फुटक्या निघत. शिशासाठीच्या ग्रॅफाइटमध्ये चिकणमाती किती मिसळली की पेन्सिल किती कडक होते, हे त्यानं शोधून काढलं. ग्रॅफाइट पिठासारखं बारीक दळणारी सोय केली. थोरोंची पेन्सिल देशात उत्तम ठरली. आणि मग त्याला कंटाळा आला! जे एकदा जमलं ते पुन्हा पुन्हा का करायचं, असा त्याचा हिशेब. दुसरा उद्योग जमीन मोजणीचा. साखळी आणि होकायंत्र घेऊन तो लोकांची शेतं, बांध मोजून द्यायचा. वॉल्डनला तळ नाही अशी गावात समजूत होती, तर त्यानं दगड बांधलेली दोरी सोडून सगळ्यात खोल जागा १०२ फूट निघते हे दाखवलं. म्हणजे माणूस स्वप्नाळू नव्हता. मोजल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

१८४९ मध्ये त्यानं भावाबरोबरच्या होडीप्रवासावरचं पुस्तक पदरमोड करून छापलं. हजार प्रतींपैकी ७०६ प्रती १८५३ मध्ये प्रकाशकानं परत पाठवल्या. त्या स्वतः पाठीवर वाहून त्यानं माडीवर रचल्या, आणि आपल्या घरच्या ग्रंथालयातली बहुतेक पुस्तकं आपणच लिहिलेली आहेत असा विनोद डायरीत केला. कर्ज फेडायला अनेक वर्षं गेली होती. वय छत्तीस, लग्न नाही, आई-वडिलांच्या माडीवर मुक्काम. ही नोंद वाचली त्या दिवशी मला दोन कंपन्यांचे नकाराचे मेल आले होते. मी ते पान दोनदा वाचलं.

आणि याच दिवसांत तो फुलांच्या मागे लागला होता.

तशी झाडांची आवड आधीपासून होती, पण १८५१ पासून त्याला शिस्त आली. रोज दुपारी तीन-चार तास चालायचं. डोक्यावर जुनी गवती टोपी, तिच्या आत त्यानं एक छोटा कप्पा करून घेतलेला. नमुने त्यात ठेवायचे म्हणजे डोक्याच्या ओलाव्यानं सुकत नाहीत. काखेत एक जुनं संगीताचं पुस्तक, रोपं दाबून ठेवायला. खिशात डायरी, पेन्सिल (घरचीच!), दुर्बीण, भिंग, चाकू आणि सुतळी. डबकं लागलं तर बुटांसकट आत. इमर्सननं सांगितलंय की हा पाण्यात उतरून एखादं फूल निरखायचा आणि ते उमलून पाच दिवस झालेत असं सांगायचा. आज कुठली फुलं उमलायला हवीत याची यादी खिशातून काढून वाचायचा, जशी एखाद्या सावकारानं आज कोणाचे हप्ते येणार ते पाहावं तशी. गाढ झोपेतून दलदलीत उठवलं तरी भोवतालच्या झाडांवरून तारीख दोन दिवसांच्या फरकानं ओळखीन, असं त्याला वाटायचं.

वाचायला हे मजेशीर आहे, पण जरा कामाच्या अंगानं विचार करा. फूल पहिल्यांदा उमललं तो दिवस लिहायचा, म्हणजे ते आदल्या दिवशी उमललेलं नव्हतं हेही पाहायला हवं. म्हणजे त्याच झुडपापाशी पुन्हा पुन्हा जाणं आलं. एकेका झाडासाठी चार-पाच मैल चालून पंधरवड्यात पाच-सहा फेऱ्या तो मारायचा, आणि त्याच वेळी गावाच्या दुसऱ्या टोकाला दुसरं कोणीतरी उमलायच्या बेतात असायचं. एप्रिल-मे म्हणजे त्याचा इयर-एंड. आमच्याकडे सर्व्हरवर लॉग आपोआप लिहिला जातो. इथे लॉग लिहिणारा पायी फिरत होता, आणि त्यासाठी त्याला कोणी पगार देत नव्हतं.

फुलासाठी हा माणूस काय काय करायचा, याचा एक किस्सा मला फार आवडतो. १८५३ च्या मेअखेरीला बहीण सोफियानं शेजारून एक गुलाबी फूल आणलं. नुसतं फूल, पान नाही की डहाळी नाही. हेन्रीनं ओळखलं, ही रानटी गुलाबी अझेलिया, आणि ती काँकर्डात कधी दिसलेली नाही. झालं, स्वारी निघाली. शेजारच्या बाईंकडे गेला, तर फुलदाणीत मोठी डहाळी. ती कुठून आली? त्यांनी दुसऱ्याचं नाव सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याचं. डिबगिंग करताना एका फंक्शनमधून दुसऱ्यात शिरत जावं तसा तो दारोदार फिरला, आणि धागा शेवटी पोचला जॉर्ज मेल्विनपाशी. हा मेल्विन गावातला शिकारी, बाटलीचा मित्र, सभ्य लोक त्याच्यापासून चार हात लांब. तो घराच्या मागच्या दारी सावलीत उघड्या डोक्यानं बसलेला, आणि शेजारी बादलीभर अझेलिया! पण जागा सांगायला तयार नाही. आढेवेढे घ्यायला लागला. हेन्रीनं त्याला सांगितलं, तू दाखव नाहीतर मी शोधून काढणारच. फूल नदीपलीकडे आहे एवढं कळलं तरी मला वास काढत जाता येईल. पैसेही देऊ केले. मेल्विनला ते हवे नव्हते. शेवटी त्याला खात्री पटली की हा सापडवल्याशिवाय राहणार नाही. दोघं होडीत बसले, असाबेट नदीतून वर गेले आणि मेल्विननं झुडूप दाखवलं.

हार्वर्डचा पदवीधर आणि गावचा बेवडा, दोघांनाच माहीत असलेली एक जागा. मेल्विन ते झुडूप दहा-एक वर्षं पाहत आला होता, फक्त त्यानं कुठे लिहून ठेवलं नव्हतं.

१८५४ मध्ये ‘वॉल्डन’ आलं. त्याच्याबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी भर घालत नाही. १८५५ मध्ये एका इंग्रज मित्रानं त्याला ४४ खंड भेट पाठवले, बहुतेक सगळे आपले: उपनिषदं, गीता, पुराणं. त्यांच्यासाठी त्यानं नदीतून वाहत आलेल्या लाकडाचं कपाट केलं. मनूचे आणि विष्णुपुराणाचे खंड न्यू इंग्लंडच्या वाहत्या लाकडात, हे चित्र मला फार लोभस वाटतं.

लिहिण्यापेक्षा त्याचा जास्त वेळ तारखांत जाऊ लागला होता. डायरीची पानं कोरडी होत चालली, नुसत्या नोंदी. या फूल बघण्याच्या नादात आपली नजर बारीक होतेय पण आकाश हरवतंय की काय, अशी भीती त्यानं स्वतःच व्यक्त केली आहे. इमर्सन, ज्यानं त्याला डायरी लिहायला लावलं, जमीन दिली, घरात ठेवून घेतलं, तो तर नाराजच होता. त्याचं म्हणणं, या माणसात सबंध अमेरिकेसाठी काही मोठं उभं करायची ताकद होती, आणि हा बेरी वेचायला निघालेल्या पोरांचा कप्तान होऊन बसला. हे तो कुठे बोलला, तर हेन्रीच्या अंत्यविधीच्या भाषणात! आमच्या नातेवाइकांतही अशी माणसं आहेत, पण ती निदान तेरावा होऊ देतात.

१८६० च्या सुमारास हेन्रीनं सगळ्या डायऱ्या पुन्हा काढल्या आणि जमीन मोजणीच्या मोठ्या कागदांवर तक्ते आखायला घेतले. डावीकडे एकाखाली एक झाडांची नावं, वर आडवी वर्षं, आणि चौकटीत तारीख. पाचशेहून जास्त जाती, १८५० च्या दशकातले वसंत. मी त्या तक्त्यांचे फोटो पाहिलेत. अक्षर भयंकर आहे, पण रो आणि कॉलम सरळ ओळखू येतात. शंभर-सव्वाशे वर्षांनी एक्सेल आलं, त्याच्या आधीचं हे एक्सेल. गावाच्या सबंध वर्षाचं एक पंचांग करावं असं त्याच्या मनात होतं. फूल, पान, पक्षी, नदीचं पाणी, सगळं.

ते झालं नाही. १८६० च्या डिसेंबरात थंडीत झाडांच्या बुंध्यांवरची वर्तुळं मोजताना सर्दी झाली, ती छातीत उतरली. क्षय घराण्यातच होता, हेलन त्यानंच गेली होती. हवापालट म्हणून १८६१ मध्ये मिनेसोटापर्यंत जाऊन आला, उपयोग झाला नाही. त्या नोव्हेंबरात डायरी थांबली. १८३७ पासून लिहिलेले सुमारे वीस लाख शब्द. शेवटचा हिवाळा त्यानं अंथरुणावर जुने लेख नीट करण्यात घालवला. आवाज गेला होता, सोफिया लिहून घ्यायची. ६ मे १८६२ ला सकाळी तो गेला. वय ४४. त्याच्या तक्त्यातला सगळ्यात गर्दीचा महिना नुकता सुरू झाला होता.

नंतर डायऱ्या १९०६ मध्ये चौदा खंडांत छापल्या गेल्या. तक्ते मात्र कागदपत्रांत पडून राहिले. साहित्याच्या प्राध्यापकांना त्यात काय रस? एका प्रतिभावंताची उतरती कळा, असंच बऱ्याच जणांना वाटत होतं.

२००३ च्या आसपास बॉस्टन युनिव्हर्सिटीचे रिचर्ड प्रायमॅक आणि त्यांचे विद्यार्थी अब्राहम मिलर-रशिंग जुन्या नोंदी शोधत होते. तापमानवाढीचा इथल्या झाडांवर काय परिणाम होतो हे बघायचं तर जुना डेटा हवा, आणि तो कुठून आणणार? थोरोचे तक्ते आहेत हे कळल्यावर त्यांनी ते अक्षर लावलं, जुनी नावं आजच्या नावांशी जुळवली आणि स्वतः काँकर्डात तीच फुलं, त्याच पद्धतीनं बघत फिरायला लागले. मधल्या काळातला दुवाही मिळाला. आल्फ्रेड हॉस्मर नावाच्या काँकर्डच्या एका दुकानदारानं, थोरोच्या भक्तीपोटी, १८८८ ते १९०२ अशा नोंदी ठेवल्या होत्या.

निकाल असा निघाला. दीडशे वर्षांत इथलं सरासरी तापमान सुमारे २.४ अंश सेल्सिअसनं वाढलंय, त्यात बॉस्टन शहराच्या उष्णतेचाही वाटा आहे. नीट तुलना करता आलेल्या ४३ जाती सरासरी सात दिवस आधी फुलत होत्या. २०१२ च्या विलक्षण गरम वसंतात तर काही फुलं थोरोच्या काळापेक्षा तीन आठवड्यांच्या आसपास लवकर आली. आणि वाईट बातमी म्हणजे थोरोनं पाहिलेल्या जातींपैकी २७ टक्के काँकर्डातून नाहीशा झाल्या, आणखी ३६ टक्के इतक्या कमी झाल्यात की केव्हाही जातील. हा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. गावाची बरीच जमीन अजून मोकळी, राखलेली आहे, तरीही. ज्या जाती उष्णतेप्रमाणे आपली तारीख बदलू शकल्या त्या बऱ्यापैकी तगल्या. ज्या जुन्याच तारखेला धरून बसल्या त्या मागे पडल्या. ऑर्किड आणि लिलीच्या घराण्यांना मोठा फटका बसला.

यामागचं एक कारण समजल्यावर मला रान वेगळंच दिसायला लागलं. इथल्या रानातली छोटी फुलं वसंतात इतकी घाई का करतात? वर ओक आणि मेपलला पानं फुटली की खाली अंधार होतो. बर्फ वितळल्यापासून झाडं हिरवी होईपर्यंतचे थोडे आठवडे, तेवढंच त्यांचं ऊन. वर्षभराची कमाई त्यात करायची. थोरोनं पानं कधी फुटली हेही लिहून ठेवलं होतं. त्यावरून २०१९ च्या एका अभ्यासात दिसलं की झाडांची पालवी साधारण दोन आठवडे आधी येऊ लागली आहे आणि खालची फुलं एकच आठवडा. म्हणजे ती उन्हाची खिडकी अरुंद होत चाललीय. माझ्या साठ दिवसांच्या खिडकीतून मी हे वाचत होतो, त्यामुळे थोडं जास्तच भिडलं असेल.

दुर्गाबाईंबद्दल दोन शब्द लिहायला हवेत. त्यांचं ‘ऋतुचक्र’ १९५६ चं, महिन्यामहिन्यानं काय फुलतं, काय गळतं हे सांगणारं. १९७५ च्या डिसेंबरात कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष म्हणून त्या आणीबाणीत उभ्या राहिल्या, पुढे त्यांना अटकही झाली. बाबा तेव्हा नुकते नोकरीला लागले होते, एसटीनं कराडला गेले होते. फुलं बघणारी बाई सरकारसमोर कशी उभी राहते, याचं बाबांना कधी आश्चर्य वाटलं नाही. थोरो वाचल्यावर मलाही वाटत नाही.

तर त्या वसंतात मी एक वही केली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दलदलीत स्कंक कॅबेज. नाव तसाच वास. चिखलातून वर आलेली तांबडी टोपी. हे रोप स्वतःची उष्णता तयार करतं आणि भोवतालचा बर्फ वितळवतं. एप्रिलअखेर पायरीपाशी चार पाकळ्यांचं फिकट निळं इवलं फूल. सात वर्षं ज्याच्यावर पाय ठेवून मी गाडीकडे गेलो त्याचं नाव ब्लूएट. मग व्हायोलेट, मग ब्लूबेरीच्या पांढऱ्या घंटा. नाव न कळलेली तीन पिवळी होती, ती तशीच लिहिली. मुलगी सोबत यायला लागली. तिचे डोळे जमिनीच्या जास्त जवळ असल्यानं तिच्या नोंदी माझ्यापेक्षा जास्त झाल्या.

मध्येच एकदा स्लीपी हॉलो स्मशानात जाऊन आलो. थोरो घराण्याच्या मोठ्या दगडाशेजारी वीतभर उंचीचा एक दगड, त्यावर फक्त हेन्री एवढंच नाव. लोक तिथे पेन्सिली ठेवून जातात. आम्हीही एक ठेवली, मुलीच्या दप्तरातली, अर्धी वापरलेली.

मे मधल्या एका शुक्रवारी ऑफर आली. शनिवारी, २० मेला, पाइनच्या झाडांखाली मुलीला लेडीज स्लिपर दिसलं, आमचं पहिलं ऑर्किड. गुलाबी, फुगलेलं, छोट्या चपलेसारखं, एका दांड्यावर एकच. आम्ही वाकून बघितलं, हात लावला नाही.

रविवारी सकाळी साताऱ्याला फोन लावला. नोकरीचं ऐकून आई रडली, बाबा बरं झालं म्हणाले आणि दोन मिनिटांनी त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. मी सांगितलं. त्यांनी नाव दोनदा म्हणून घेतलं, चपलेसारखं म्हणजे कोल्हापुरी की स्लिपर तेही विचारलं. मग फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. पेन सापडत नव्हतं. आई म्हणाली, ते ‘कालनिर्णय’पाशी गेलेत, जरा थांब.